आत्याची लिफ्ट आणि बुटकी लेन्स

“आत्या, तू फक्त उभी राहा. असा फोटो काढतो की बघणारा म्हणेल, वा, काय लिफ्ट आहे! आणि मग म्हणेल, वा, काय बाई आहे!”

एवढं बोलून मी कॅमेरा डोळ्याला लावला. कॅमेऱ्याच्या खिडकीत आत्याचं डोकं होतं, गळा होता, आणि तिथे फोटो संपत होता. लिफ्टचा म्हणाल तर एक स्क्रूसुद्धा नव्हता. मी मागे सरकलो. पाठीला जाळीचं दार लागलं. पोट आत ओढलं. डोकं आणि गळा तसेच राहिले, मला मात्र उचकी लागली.

“काय रे गोट्या, झालं का?” आत्याने विचारलं. मी त्रेचाळीस वर्षांचा आहे, माझं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, आणि आत्या मला अजून गोट्या म्हणते.

“होतंय. कॅमेरा जरा तुझी ओळख करून घेतोय.”

“मग त्याला म्हणावं, शुक्रवारी चारच्या आत करून घे.”

हे सोमवारी चाललं होतं. शुक्रवारी चारला ती लिफ्ट कायमची बंद होणार होती आणि तिच्याबरोबर आत्याही. सात मजली कचेऱ्यांची इमारत, आणि तिच्यात एकतीस वर्षं आत्या लिफ्ट चालवत होती. पितळी हँडल उजवीकडे फिरवलं की वर, डावीकडे फिरवलं की खाली, आणि मधे आणलं की थांबली. ऐकायला सोपं वाटतं. पण लिफ्ट मजल्याला बरोब्बर लावायची हे हाताचं काम आहे. आत्या अशी लावायची की हातातल्या कपातला चहासुद्धा हलत नसे. एकतीस वर्षांत तिची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे एकदाही थांबली नव्हती. हे ती स्वतः कधी सांगत नसे, पण दुसऱ्या कुणी सांगितलं तर अडवतही नसे.

इमारतीच्या व्यवस्थापकांना सगळे साहेब म्हणतात. फोन उचलल्यावर ते स्वतःही “साहेब बोलतोय” असंच म्हणतात. त्यांनी आत्याला विचारलं, “बाई, निरोपाला काय देऊ? भिंतीवरचं घड्याळ की हातातलं?”

आत्या म्हणाली, “नव्या लिफ्टमध्ये माझा फोटो लावा. ह्या लिफ्टमधला.”

“फोटो? तो कशाला?”

“साहेब, मी दाराकडे तोंड करून उभी असते आणि माणसं माझ्या मागे. एकतीस वर्षं ह्या लोकांनी माझी पाठ बघितलीय. परवा सहाव्या मजल्यावरच्या बाई बाजारात समोरून आल्या. मी हसले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जशी काही मी त्यांची पर्स मारणार आहे. मग मी वळून चालायला लागले, तर मागून हाक, ‘अहो लिफ्टवाल्या बाई! तुम्ही इकडे कुठे?’”

साहेबांना हसू आलं, आणि साहेबांना हसू आलं की ते हो म्हणतात. नव्या लिफ्टमध्ये दारासमोरच्या भिंतीवर एका आडव्या फ्रेमची जागा मंजूर झाली. अट एकच. फोटोत जुनी लिफ्ट दिसली पाहिजे, नुसता चेहरा चालणार नाही. तसं झालं नाही तर तिथे आगीच्या वेळच्या सूचना लागतील.

आत्याने त्यात स्वतःची एक अट घातली. लिफ्ट चालू असताना फोटो काढायचा. “थांबलेल्या लिफ्टमध्ये दुरुस्तीवाले उभे असतात,” ती म्हणाली. “मी चालत्या लिफ्टमधली आहे.”

आता चालत्या लिफ्टमध्ये फोटो काढायचा म्हणजे काढणाराही आतच. आणि जाळीचं दार पूर्ण लागल्याशिवाय ती लिफ्ट हलत नसे, म्हणजे बाहेर वाकून काढायचीही सोय नाही.

मोबाइलने काढून झाला होता. माझ्या बायकोने काढला. मोबाइलने आत्याच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या आपल्या मनाने पुसून टाकल्या आणि सोललेल्या उकडलेल्या अंड्याला कुंकू लावल्यासारखं काहीतरी दाखवलं. आत्या म्हणाली, “हा चेहरा मी एकतीस वर्षं उभं राहून कमावलाय. पुसू नका.”

म्हणून मग माझा कॅमेरा. खरं म्हणजे सासऱ्यांचा. रोलचा, रेंजफाइंडर जातीचा. ह्या जातीची गंमत अशी की तुम्ही बघता एका खिडकीतून आणि फोटो निघतो दुसऱ्याच भोकातून. तुम्ही काय बघताय हे लेन्सला माहीत नसतं, आणि लेन्स काय बघतेय हे तुम्हाला. आमचा संसारही साधारण असाच चालतो. खिडकीतून समोरचं माणूस दोनदा दिसतं. लेन्सची कडी फिरवून त्या दोघांना एकावर एक आणायचं. एक झाले की फोटो स्वच्छ.

लेन्सचं टोपण काढायचं राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतंच. माझ्या मेव्हणीच्या लग्नाचे छत्तीसच्या छत्तीस फोटो ह्या कारणाने काळे आले होते. तेव्हापासून टोपण बायकोच्या पर्समध्ये असतं. काम झालं की ती ते मला मोजून दिलेल्या गोळीसारखं परत देते.

“अहो, तुमच्या ह्या लेन्सने जमायचं नाही,” बायको म्हणाली. “रुंद दाखवणारी लागेल.”

“वाइड अँगल,” मी म्हणालो. “तू काळजी करू नकोस. वीस वर्षं मी काचेच्या धंद्यात आहे. काचेच्या बाबतीत मला कुणी फसवायचं म्हणजे त्याला पुन्हा जन्म घ्यावा लागेल.”

मग मी शास्त्रशुद्ध पद्धतीने कामाला लागलो. आधी लिफ्टची खोली मोजायची. टेप आणली नव्हती, पण माझ्या खिशात दोन बुबुळांमधलं अंतर मोजायची पट्टी कायम असते. पंधरा सेंटिमीटरची. मागच्या भिंतीपासून जाळीपर्यंत मी ती गुडघ्यावर बसून टाकत आलो. एक, दोन, तीन. मधे लिफ्ट सहाव्या मजल्यावर थांबली आणि त्याच त्या बाई आत आल्या.

“चष्मेवाले ना तुम्ही? मला वाचायला वेगळा आणि लांबचं बघायला वेगळा, असे दोन घ्यावेत की एकातच दोन?”

मी त्यांना गुडघ्यावरूनच सल्ला दिला, एकातच दोन, आणि पुढे मोजलं. नऊ पट्ट्या भरल्या. एक मीटर पस्तीस. त्यातून आत्या गेली, मी गेलो, कॅमेरा गेला. आत्याचा चेहरा आणि लेन्स ह्यांच्यात उरले पंचाहत्तर सेंटिमीटर. मी आकडा पट्टीच्या मागे लिहून ठेवला आणि खाली दोन रेघा ओढल्या.

बुधवारी दुपारी मी आणि बायको लेन्सवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो पांढरा कोट घालतो, हातात रबरी मोजे चढवतो आणि कुठलीही लेन्स दाखवायच्या आधी तिच्याकडे बघून “हं” करतो.

“तक्रार काय आहे?” त्याने विचारलं.

“डॉक्टर, जागा पंचाहत्तर सेंटिमीटर. त्यात बाई आली पाहिजे आणि बाईच्या भोवती लिफ्ट.”

“हं. कधीपासून?”

“सोमवारपासून.”

मी खिशातून खडू काढला आणि त्याच्या दुकानाच्या जमिनीवर अख्खी लिफ्ट आखली. मागची भिंत, बाजूच्या भिंती, जाळी. हँडलच्या जागी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर डॉक्टरचा काचा पुसायचा ब्रश उभा केला. बायकोला म्हणालो, “तू आत्या. मागच्या भिंतीला टेकून उभी राहा आणि हात पुढे करून हँडल धर.”

“कुठल्या भिंतीला टेकू?”

“हीच की. ही रेघ.”

बायकोने माझ्याकडे बघितलं, मग रेघेकडे बघितलं, आणि टेकली. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. त्यांना मी उतारू म्हणून बाजूला उभं केलं. त्यातला एक म्हणाला, “मला चौथ्यावर सोडा.”

पहिली लेन्स आली पस्तीस मिलिमीटरची; हा आकडा जितका लहान, तितकं ती रुंद दाखवते. “सगळ्यांची पहिली हीच असते,” डॉक्टर म्हणाला. “कॅमेऱ्याच्या खिडकीत हिची चौकट आधीपासूनच आहे. वेगळं काही लावायला नको.” मी लावून बघितलं. बायको छातीपर्यंत आली. लिफ्टचा खडूसुद्धा दिसेना. ओळखपत्राचा फोटो झाला असता, तोही जरा नाराज माणसाचा.

दुसरी आली अठ्ठावीसची. आणि काय आली! दोन्ही हातांत धरावी लागली. पुढे सांडशीने उचलावं असं भगुल्यासारखं तोंड, आत जांभळी हिरवी चमक. डॉक्टरने ती मखमलीवर ठेवली तेव्हा दोन्ही उतारू आपापल्या जागा सोडून बघायला आले. मी तर बघताच आत्याला विसरलो.

“हिच्यात अंधारातसुद्धा दिसतं,” डॉक्टर म्हणाला.

“घेतली,” मी म्हणालो.

“आधी बघा तरी,” बायको रेघेला टेकूनच म्हणाली.

मी बघितलं. बायको दिसली, खांदा दिसला, दंड दिसला, आणि कोपरापासून पुढे हात नाहीसा झाला. खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात काळं गोल काहीतरी बसलं होतं.

“डॉक्टर, हे काय आहे?”

“ती लेन्सच. पोट पुढे आलंय ना तिचं. खिडकीच्या आड येतं. फोटोत सगळं येणार, फक्त तुम्हाला दिसणार नाही.”

“मग तिथे काय चाललंय हे कळायचं कसं?”

“विश्वास ठेवायचा.”

“चालेल,” मी म्हणालो. माणसाचा जीव बसला की असंच होतं.

“काय चालेल?” बायको म्हणाली. “तिथेच तर आत्याबाईंचं हँडल आहे! ज्याच्यासाठी फोटो काढायचा तेच तुम्हाला दिसणार नाही. ह्यापेक्षा लहान पोटाची दाखवा हो डॉक्टर.”

डॉक्टर कपाटाच्या अगदी खालच्या खणात वाकला आणि तिसरी घेऊन आला. एकवीसची. मला आधी वाटलं त्याने टोपणच आणलंय. शाईच्या बाटलीच्या बुचाएवढी. वजन म्हणाल तर वरच्या खिशात टाकली तर धोब्याकडे जाईल आणि कळायचं नाही. कॅमेऱ्यावर लावली तर पुढून कॅमेरा टकला दिसायला लागला.

“ही?” मी म्हणालो. “डॉक्टर, मी काही खेळण्यातलं मागितलं नाही.”

“लहान आहे पण हुशार आहे,” डॉक्टर म्हणाला. “फक्त एवढं रुंद तुमच्या खिडकीत मावणार नाही. म्हणून डोक्यावर ही वेगळी खिडकी बसवायची.” त्याने अंगठ्याएवढी एक काचेची खिडकी कॅमेऱ्याच्या डोक्यावर सरकवली. म्हणजे आता दोन बायका एकावर एक आणायला खालची खिडकी, चौकट बघायला वरची, आणि फोटो काढायला तिसरंच भोक. घरात सासूबाई राहायला आल्यावर निर्णय असेच होतात.

पण मी वरच्या खिडकीला डोळा लावला. बायको कमरेपर्यंत होती, हात होता, ब्रश होता, दोन्ही बाजूंच्या रेघा होत्या. उतारू होते. एक उतारू नाकात बोट घालत होता, तेही होतं. आणि कोपऱ्यात कुणाचंही पोट नव्हतं.

“जवळात जवळ किती?” मी विचारलं. काचेच्या धंद्यातला माणूस हा प्रश्न विसरत नाही.

“सत्तर सेंटिमीटर. त्याच्या अलीकडे ती बघत नाही.”

“आपल्याकडे पंचाहत्तर आहेत,” मी पट्टीची मागची बाजू दाखवली. “पाच शिल्लक.”

बायकोने मोठीकडे बोट दाखवलं. “तिच्याकडे बघणं बंद करा. चला.” मी बुटकी घेतली. बाहेर पडताना मी मागे वळून एकदा मखमलीकडे बघितलं, पण ते फार कुणाला सांगू नका.

गुरुवारी सकाळी अकराला, गर्दी ओसरल्यावर, आत्या तयार होती. इस्त्रीचा गणवेश, बिल्ला पुसलेला, हँडल तर असं चकचकीत की त्यात माझी उचकी दिसली असती. बायको चौथ्या मजल्यावर उभी राहिली, पर्स आणि टोपण सांभाळत. लिफ्टमध्ये आत्या मागच्या भिंतीला टेकली, हात लांब करून हँडल धरलं. मी जाळीला पाठ लावली.

“टोपण?” बायकोने बाहेरून ओरडून विचारलं.

“तुझ्याकडेच आहे!”

“बघितलं. आहे. काढा.”

आत्याने हँडल फिरवलं आणि आम्ही खाली निघालो. मी खालच्या खिडकीत बघितलं. दोन आत्या. कडी फिरवली. दोन्ही आत्या एकमेकींच्या जवळ सरकल्या, आणखी सरकल्या, आणि बोटभर अंतर ठेवून थांबल्या. कडी संपली. मी जोर लावला. आत्या जुळेनात.

“काय झालं?” आत्या.

“तुम्ही दोघी एक होत नाही आहात.”

“मी एकटीच आहे रे गोट्या. दुसरी कोण आणलीस?”

आम्ही चौथ्यावर परत आलो. बायको शिवणाचं काम करते, तिच्या पर्समध्ये टेप असते. तिने दार उघडून टेपचं एक टोक जाळीपाशी माझ्या हातात दिलं, दुसरं टोक मागच्या भिंतीला लावलं. एक मीटर वीस.

“अहो, पट्टी कितीदा टाकली होती?”

“नऊदा.”

“आठ होतात.”

मी आठवलं. सहाव्या मजल्यावरच्या बाई आत आल्या तेव्हा पाचवी पट्टी पडली होती. सल्ला दिल्यावर मी पाचवी पुन्हा टाकली आणि तिला सहावी म्हणालो. एकातच दोन.

म्हणजे चेहरा आणि लेन्स ह्यांच्यात साठच सेंटिमीटर होते आणि लेन्सला सत्तर हवे होते. लिफ्ट उद्या चारला जाणार होती. आत्याने बिल्ला पुन्हा एकदा पुसला. तिचं ते पुसणं बघून माझ्या डोळ्यांसमोर आगीच्या वेळच्या सूचनांची पाटी आली. लाल अक्षरं, पांढरी पाटी, आणि तिच्याकडे पाठ करून उभी असलेली माणसं.

“चल,” मी म्हणालो. “दहा सेंटिमीटर म्हणजे काय असतं? मी मागे दाबून घेतो.”

आम्ही पुन्हा निघालो. तिसऱ्याच्या वर आल्यावर मी सगळं अंग जाळीवर टाकलं. जाळी मागे वाकली, मीही वाकलो, आणि दोन आत्या एकमेकींना शिवणार एवढ्यात ‘टक्’ असा आवाज आला. जाळीचं दार बोटभर सरकलं होतं. लिफ्ट थांबली.

तिसरा मजला आमच्या पायांखाली राहिला होता. चौथा डोक्याच्या वर होता.

आत्याने हँडल उजवीकडे फिरवलं. डावीकडे फिरवलं. मग तिने हँडलवरचा हात काढला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना.

“गोट्या,” ती सावकाश म्हणाली, “एकतीस वर्षं. एकदाही नाही. तुझ्या बुडाने थांबवलीस.”

“दार लावतो की! लावलं की चालू.”

मी दार लावायला गेलो. लागेना. कॅमेऱ्याचा पट्टा जाळीच्या घडीत अडकला होता. मी ओढला तर गळ्याला फास बसायला लागला.

वरून चौथ्या मजल्याच्या फटीतून बायकोचा आवाज आला, “अहो, अडकलात का?”

“नाही, फोटो काढतोय!”

“मग लिफ्ट का थांबलीय?”

“सूनबाई, कात्री टाक,” आत्या म्हणाली. पहिल्या वाक्यातच सगळं ओळखणारी बाई ती.

बायकोने कात्री दोरीला बांधून खाली सोडली. ती येईपर्यंत पाच मिनिटं मी जाळीला चिकटून उभा होतो, मान वाकडी, एक डोळा मिटलेला. समोरच्या भिंतीवर लिफ्टच्या कारखान्याची एक बारीक पाटी होती. चष्मा कपाळावर गेला होता म्हणून अक्षरं दिसेनात. मी डोळे बारीक केले. अक्षरं दिसली. सहा माणसं, जास्त नकोत.

आणि तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, चष्मा घरी विसरलेलं गिऱ्हाईक माझ्या दुकानात काय करतं? डोळे बारीक करून पाटी वाचतं! भोक लहान केलं की जवळचं, लांबचं, सगळंच स्वच्छ दिसतं. वीस वर्षं मी लोकांना ‘डोळे बारीक करू नका’ म्हणून ओरडतोय. लेन्सला तर डोळे बारीक करायची कडीच असते. मी ती सोळावर नेली, म्हणजे भोक पार टाचणीएवढं केलं. डॉक्टरच्या मोठ्या तोंडाच्या लेन्सलाही तेवढं बारीक करता आलं असतं, पण हँडल तिच्या पोटाआड गेलं असतं, आणि आत्याच्या हँडलच्या बाबतीत मला विश्वास ठेवायचा नव्हता.

“आत्या, जमलं! पण भोक लहान म्हणजे उजेड कमी. बटण दाबल्यावर एक सेकंदभर मी हलायचं नाही. आणि तूही.”

“मी हलत नाही. लिफ्ट हलते,” आत्या म्हणाली. “आणि ती आपल्या दोघांना घेऊन हलते, म्हणजे कुणी हललंच नाही. तू डोकं जाळीला टेकव, पण दाबलंस तर बघ. चौथा आला की उजेड सरळ माझ्या तोंडावर येतो. मी ‘हं’ म्हटलं की दाब. मला ठाऊक आहे तो कुठे येतो.”

आम्ही पट्टा कापला. दार लागलं. आत्याने हँडल धरलं, फिरवलं, आणि लिफ्ट अशी उचलली गेली की पोटातलं पाणी हललं नाही. वरून उजेडाची रेघ तिच्या कपाळावर आली, नाकावर आली, अख्ख्या चेहऱ्यावर पसरली. ती सरळ लेन्सकडे बघत होती.

“हं.”

मी श्वास रोखला. दाबलं. खाली जाऊन पुन्हा वर आलो, पुन्हा दाबलं. छत्तीस वेळा. उतारूंना त्या दिवशी जिना वापरावा लागला, पण कुणी तक्रार केली नाही, कारण तक्रार आत्याकडेच करायची पद्धत होती.

शनिवारी फोटो आले. एकच सांगतो, जो लावला तो, अकरावा. मागे लाकडी भिंत, बाजूला मजल्यांचे आकडे, पुढे पितळी हँडल, आणि मधोमध आत्या. सुरकुत्यांसकट. प्रत्येक सुरकुती जिथल्या तिथे. ओठ मिटलेले, पण डोळ्यांत असं काही की ‘कुठला मजला?’ म्हणून विचारतेय. रुंद लेन्सची एक खोड असते. जे जवळ असतं ते ती फार मोठं करते. हँडलवरचा आत्याचा हात चेहऱ्याच्या दीडपट आला होता.

साहेबांनी फोटो हातात घेऊन मान तिरकी केली. “लिफ्ट दिसतेय. बाईही दिसतायत. हात जरा मोठा आलाय, नाही?”

“एकतीस वर्षं तोच काम करत होता,” आत्या म्हणाली.

साहेब हसले. फ्रेम मंजूर.

तीन महिन्यांनी नवी लिफ्ट चालू झाली. गुळगुळीत स्टीलची, बटणांची, आतून एक बाई गोड आवाजात मजला सांगते. दारासमोरच्या भिंतीवर आत्याचा फोटो. साहेबांनी पहिल्या फेरीला मला बोलावलं, आत्यालाही बोलावलं होतं. आत्या म्हणाली, “मी जिन्याने येते. सातव्यावर भेटू.”

आम्ही अकरा जण आत शिरलो. शिरलो आणि सगळ्यांनी काय केलं? वळले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. अकराच्या अकरा पाठी आत्याकडे. मी घसा खाकरला. कुणी वळलं नाही. मी म्हणालो, “मागे फोटो छान आलाय हं.” साहेब दाराकडेच बघत म्हणाले, “छानच आहे.” मला वाटलं, झालं, मोठ्या पोटाची लेन्स घेतली असती तरी ह्यांना काही कळलं नसतं.

मग लिफ्ट थांबली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे.

साहेबांनी सगळी बटणं दाबली. गोड बाई म्हणाली, “कृपया प्रतीक्षा करा.” साहेबांनी फोन लावला, “साहेब बोलतोय,” पण पलीकडे दुसरे साहेब होते. मग आत्याला लावला. ती तोपर्यंत सातव्यावर पोचली होती.

“दार नीट लागलंय का बघा,” आत्या म्हणाली.

“लागलंय.”

“मग माझ्या हातात काही नाही. मी निवृत्त झालेय.”

बंद स्टीलच्या दाराकडे माणूस किती वेळ बघणार? दहाव्या मिनिटाला एक जण वळला. मग दुसरा. मग साहेब. हळूहळू सगळे वळले, आणि बघायला दुसरं काहीच नसल्यामुळे सगळे आत्याकडे बघायला लागले. एक म्हणाला, “नजर बघा कशी आहे. आता विचारेल, कितव्यावर?” दुसरा अगदी हळू म्हणाला, “पाचव्यावर.”

सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी नवा चष्मा लावला होता, एकातच दोन. त्यांनी मान वर केली, खाली केली, पुढे झाल्या आणि फोटोच्या अगदी जवळ गेल्या. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “ह्या अशा दिसतात होय? मला ह्या बाजारात भेटल्या होत्या!”

मी तो क्षण नीट बघून घेतला. अकरा जण, अकरा चेहरे, सगळे आत्याकडे.

पंचविसाव्या मिनिटाला लिफ्टमधला दिवा गेला.